वळते दिवे

आमच्या ह्यांना सगळे काजवा म्हणतात. मला त्याचा राग येत नाही. राग यायला मला दुसरी कारणं पुष्कळ आहेत.

आता हेच बघा. माणूस चहाचा कप तोंडापर्यंत नेतो आणि तिथेच थांबतो, कारण चहावर खिडकीचा उजेड हलतोय. मी म्हणते, "अहो, तो प्यायचा असतो." मग पितात, गारढोण झालेला. वर मलाच सांगतात, "तू बघायला हवं होतंस." काय बघायला हवं होतं? चहा? तीस वर्षं संसार केलाय मी ह्या माणसाबरोबर, आणि त्यातली निम्मी वर्षं हे भलत्याच मुलखात राहत होते असं माझं स्पष्ट मत आहे.

आम्ही भेटलो ते नाटकाच्या थिएटरात. मी तिथे नटनट्यांचे कपडे शिवायची, हे छताजवळच्या फळीवर बसून दिवे सांभाळायचे. एकदा तालमीआधी मी रिकाम्या स्टेजवर गुडघे टेकून एका लांब झग्याची किनार टाचत होते, आणि एकदम माझ्या हातांवर ऊबदार पिवळा उजेड पडला. फक्त हातांवर. सुई, दोरा, बोटं, आणि बाकी सगळा काळोख. मी वर बघून ओरडले, "कोण आहे रे तो चावट?" वरून आवाज आला, "नीट दिसतंय ना?" बस्स, एवढंच. त्याच माणसाशी मी लग्न केलं. अक्कल गहाण टाकली म्हणा, पण नीट दिसत होतं हे खरं आहे.

पुढे थिएटर बंद पडलं आणि हे गाड्यांच्या वायरिंगमध्ये शिरले. तिथून पुढच्या दिव्यांत. जुने मंद हेडलाइट काढायचे, त्या जागी चांगले नवे बसवायचे आणि गाडीच्या कॉम्प्युटरला त्या नव्या दिव्यांची ओळख करून द्यायची, हा ह्यांचा धंदा. घराला लागून एका गाडीपुरती शेड आहे. शेड आणि माझी शिवणखोली यांच्यात एकच भिंत, आणि जाड वायरीचा बोर्डही एकच, तो माझ्या बाजूला. भिंतीला भोक पाडून ह्यांच्या चार्जरची वायर तिथे येते. तिथेच माझी वाफेची इस्त्री. दोन्ही एकदम लावलं की फ्यूज उडालाच. दुसरा बोर्ड बसवून घ्या म्हणून मी किती वर्षं पालथ्या घड्यावर पाणी ओततेय! म्हणून मग आमचा एक रिवाज पडला. इस्त्री लावायची असली की मी भिंतीवर दोनदा ठोकायचं. पलीकडून दोन ठोके आले की "काढ माझा प्लग". एकच आला की "थांब". शब्द नाही, हाक नाही. वीस वर्षं हे असं बिनबोभाट चाललं होतं.

आता लेकीचं सांगते. आमची लेक जनावरांची डॉक्टर आहे. हे तिला लहानपणापासून "साहेब" म्हणतात. बोलायला फटकळ, माझ्यावर गेलीय, पण अडलेल्या गाईशी बोलताना तिचा आवाज ऐका, साखर नुसती. लांबलांबच्या गोठ्यांवर जायला तिनं एक छोटी इलेक्ट्रिक गाडी घेतली होती. थंडीत एका संध्याकाळी, अंधार पडता पडता, पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर तिच्या गाडीनं एका म्हाताऱ्या राखणदाराला उडवलं. तो कामावर निघाला होता, पाठमोरा, काळा कोट घालून. गाडी बिनआवाजाची, त्यामुळे त्याला चाहूल लागली नाही. आणि गाडीचे दिवे नाकासमोर सरळ, वळणाच्या आत काय आहे ते त्यांना दिसायचंच नाही. हिला तो दिसला तेव्हा फार उशीर झाला होता. पाय मोडला त्याचा. वाचला, चांगला बरा झाला, काठी टेकत घरी येऊन "बाई, चूक माझी होती" असंही सांगून गेला. पण हिनं त्या दिवसापासून गाडीला हात लावला नाही.

चार महिने गाडी शेडच्या कोपऱ्यात कापड पांघरून उभी. ही सकाळी चालत दवाखान्यात जायची, टेबलावर बसून औषधांच्या नोंदी करायची आणि उजेड असताना घरी यायची. जेवायची नाही धड. मग दवाखान्यातून विचारणा झाली: फेऱ्यांवर परत येणार की कायमचं टेबल घेणार, पुढच्या सोमवारपर्यंत सांगा. ती म्हणाली, "टेबल घेते." मी भाजी चिरत होते. माझ्या हातातून सुरीच निसटायची बाकी राहिली. अहो, जी पोर सात वर्षांची असताना भिजलेलं कुत्र्याचं पिल्लू फ्रॉकमध्ये लपवून झोपली, ती टेबल घेणार?

हे कुठेतरी बघत बसले. मी म्हटलं, "बोला की काहीतरी! बाप आहात ना?" तर म्हणतात, "उजेड वळायला हवा होता." मी कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी हे भंगारवाल्याकडून दोन हेडलाइट घेऊन आले, जुन्या टॉवेलात गुंडाळून, छातीशी धरून. लेकीच्या गाडीच्याच जातीच्या, पण वरच्या दर्जाच्या एका ठोकलेल्या गाडीचे. स्टीअरिंग वळेल तिकडे आपणही वळणारे दिवे. लेकीनं बघितलं आणि तिचं तोंड उतरलं. "बाबा, अपघातातल्या गाडीचे डोळे माझ्या गाडीला लावताय?"

"ती गाडी मागून ठोकली होती, साहेब," हे म्हणाले. "तिच्या डोळ्यांनी काही वाईट बघितलेलं नाही."

ती आत निघून गेली. मी ह्यांना म्हटलं, "दिव्यांनी कुणाचं मन बरं होतं का हो?" तर हे दिव्याची काच पुसत होते. ऐकलंही नसेल.

दोन दिवस हे शेडमध्ये. गाडीचं पुढचं बंपर काढून जमिनीवर चादरीवर ठेवलेलं, शेजारी स्क्रू आणि प्लास्टिकच्या खुंट्या, जिथून काढल्या त्याच रांगेत मांडलेल्या. एका दिव्याचा गाडीला अडकवायचा कान तुटला होता, तो ह्यांनी चिकटवून, घासून, पुन्हा चिकटवून धरला. दिवे बसले. मी म्हटलं, झालं एकदाचं. तर डॅशबोर्डवर पिवळ्या इशाऱ्यांची रांग लागली आणि दोन्ही दिवे शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे खाली बघत राहिले.

"अगं, दिवे बसले, पण गाडीला कुठे माहितीये?" हे म्हणाले. "ती अजून जुन्याच दिव्यांशी बोलतेय. उत्तर येत नाही म्हणून घाबरलीय."

घाबरलेल्यांची समजूत काढायला घरात आणखी एक होती, पण असो. डॅशबोर्डच्या मागे दिव्यांचा कारभार बघणारा एक डबा असतो, त्यात आकड्यांचे कोड लिहिलेले असतात. लॅपटॉप जोडून ते बदलायचे. ह्यांची एक सवय आहे, जिच्यावरून सगळे हसतात: नवा कोड लिहिण्याआधी हे जुना सगळा कोड वहीत हातानं उतरवून घेतात. शंभर ओळी असोत की दोनशे. लॅपटॉप ठेवतो की जपून, असं म्हटलं तर म्हणतात, "लिहिताना तिची ओळख होते." कुणाची? गाडीची! मी ह्यांच्या सासूच्या वाढदिवसाची तारीख तीस वर्षं सांगतेय, तिची ओळख होत नाही ती.

आणि दुसरं एक. इलेक्ट्रिक गाडीच्या पोटात एवढी थोरली बॅटरी असते, पण कोड लिहिताना तिचा उपयोग नाही. हे डबे चालतात ते एका छोट्या बॅटरीवर, शाळेच्या दप्तराएवढ्या. चार महिने उभ्या गाडीची ती बॅटरी मेल्यात जमा होती, म्हणून तिला ह्यांनी बाहेरून चार्जर लावून ठेवला होता. त्या चार्जरची वायर भिंतीच्या भोकातून माझ्या बोर्डात.

शुक्रवारी दुपारी मला एका गाणाऱ्या बाईचा झगा इस्त्री करून द्यायचा होता. मी भिंतीवर दोनदा ठोकलं. पलीकडून लगेच दोन ठोके आले. मी चार्जरचा प्लग काढला आणि इस्त्री लावली. कापड छान चापूनचोपून बसत होतं, मी गुणगुणतसुद्धा होते. तेवढ्यात शेडमधून ह्यांचा आवाज आला. ओरडले नाहीत. नुसतं "अरे" म्हणाले. तीस वर्षांत मी तसं "अरे" ऐकलं नव्हतं. इस्त्री उभी करून मी धावले.

गेले तर गाडी काळीठिक्कर. डॅशबोर्डवर एक टिंब नाही. कोड निम्मा लिहून झालेला, निम्मा वाटेत, आणि बॅटरीनं मान टाकलेली. दिव्यांचा डबा कायमचा मुका झाला होता.

"प्लग कुणी काढला?"

"मी काढला! दोनदा ठोकून काढला! तुम्ही उत्तर दिलंत!"

"मी दिलं?"

"दोन ठोके! माझ्या कानांनी ऐकले मी!"

हे आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, "दिवे चालू होताना आधी एकदा डावीकडे-उजवीकडे फिरून घेतात ना, तो उजेड समोर भिंतीवर टांगलेल्या चादरीवर बघत होतो. हातानं ठोकलं असेल. मला कळलंच नाही."

मग मात्र माझा तोल सुटला. सगळं काढलं मी. गार चहा काढला, बोर्ड काढला, थिएटर काढलं, ज्या सासूची तारीख आठवत नाही तिलाही काढलं. "पोरीसाठी म्हणून एक गोष्ट करायला घेतलीत, तीही स्वप्नात!" हे ऐकून घेत होते, आणि ते ऐकून घेतात ना, त्यानं मला जास्त संताप येतो. आपलेच दात, आपलेच ओठ. शेवटी मीच रडायला लागले, कारण प्लग काढणारा हात माझा होता.

तेव्हा दारात लेक उभी होती. आमचा आवाज ऐकून आली असणार. तिनं आमच्याकडे बघितलंच नाही. गाडीकडे बघत म्हणाली, "म्हणजे आता ही चालूच होणार नाही? कधीच?"

आवाज कापत होता तिचा. चार महिने मी समजत होते की गाडी डोळ्यांसमोरून गेली तर हिला सुटल्यासारखं वाटेल. आईला सगळं कळतं म्हणतात. मला तर काडीचं कळलं नव्हतं.

हे उठले आणि भंगारवाल्याकडून दुसरा डबा घेऊन आले. पण तो डबा कोरा. त्याला सगळंच सांगायला हवं: तू कुठल्या गाडीत आहेस, स्टीअरिंग कुठल्या बाजूला, दारं किती, दिवे कुठले. लॅपटॉपमध्ये ठेवलेली प्रतही त्या गोंधळात बिघडली होती. राहिली ती वही. आता एकानं वही वाचायची, एकानं लिहायचं, आणि गाडी मध्येच झोपी जाऊ नये म्हणून कुणीतरी आत बसून ब्रेक दाबून धरायचा. हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "माझे पाय पोचत नाहीत, आणि पोचले तरी मला शिवणयंत्राची सवय. मी दाबायला लागले की दाबतच सुटते." खोटं नव्हतं ते. पण अगदी सगळं खरंही नव्हतं.

लेक पुढे आली. मग तिनं सीटवरची धूळ हातानं झटकली आणि आत बसली. ब्रेकवर पाय ठेवला. वही मांडीवर घेतली.

मी पलीकडे जाऊन शिवणयंत्रापाशी बसले. प्लगवर हात ठेवूनच बसले म्हणा ना, हातच्या कामाला टाका घातला नाही. भिंतीच्या भोकातून आवाज येत होते. तिचा एक आकडा, ह्यांचं "हं". तिचा आकडा, ह्यांचं "हं". शुक्रवारची सगळी संध्याकाळ, आणि शनिवारी सकाळपासून पुन्हा. ती लहान असताना हे तिला पाढे म्हणायला लावायचे तेव्हाची दुपार आणि ही दुपार माझ्या डोक्यात एकमेकींत मिसळून गेली. बाहेर ऊन सरकत होतं, कात्री टेबलावर चमकत होती, आणि मला वाटलं, हे आकडे कधी संपूच नयेत. मध्ये एकदा ती हसली. कशाला हसली ते मला ऐकू आलं नाही. चार महिन्यांनी हसली.

शनिवारी तिसऱ्या प्रहरी ह्यांनी हाक मारली, "अगं, ये." शेडचं शटर खाली ओढलं होतं, आत मिट्ट काळोख. समोरच्या भिंतीवर माझी पांढरी चादर टांगलेली. हे म्हणाले, "साहेब, चालू करा." दिवे लागले. आधी डावीकडे गेले, मग उजवीकडे, मग वर आले आणि मध्ये स्थिर झाले. एकही पिवळा इशारा नाही. "आता वळवा." तिनं स्टीअरिंग फिरवलं तसा उजेड चादरीवरून सरकला, चादर ओलांडून भिंतीवर गेला, भिंतीवरच्या पान्यांवरून, जुन्या कॅलेंडरवरून, कोपऱ्यात उभ्या असलेल्या माझ्यावरून. परत गेला. पुन्हा आला. ती कितीतरी वेळ तो उजेड नुसता इकडून तिकडे नेत होती. हवेतली धूळ तरंगत त्याच्यात शिरायची आणि बाहेर पडायची. कुणी बोलत नव्हतं. मीसुद्धा. आणि मी गप्प बसले म्हणजे बघा.

रविवारी दिवस मावळताना आम्ही तिघं टाकीच्या वळणाशी गेलो. तिथवर गाडी ह्यांनी चालवली. तो रस्ता त्या वेळी रिकामाच असतो. ह्यांनी स्वयंपाकघरातली खुर्ची बरोबर आणली होती आणि तिला आपला काळा कोट घातला होता. वळणाच्या आत, रस्त्याच्या कडेला ती ठेवायची, लेकीनं अलीकडून गाडी आणायची आणि दिवे तिला कुठून दाखवतात ते बघायचं, असा बेत. हे स्वतः पलीकडच्या टोकाला विजेरी घेऊन उभे राहणार होते, समोरून कुणी आलंच तर थांबवायला.

लेक स्टीअरिंगवर बसली खरी. पण तिचे हात मांडीवर. म्हणाली, "बाबा, खुर्ची दिसेल मला. खुर्ची दिसली म्हणून काय होणार आहे? खुर्चीला आई नसते, पोरं नसतात. मी उद्या टेबल घेतेय, जाऊ दे." आणि तिनं गाडी बंद केली.

पहिल्यांदा मला ह्यांच्या तोंडावर म्हातारपण दिसलं.

मी खुर्चीवरचा कोट काढला आणि अंगात घातला. गुडघ्यांपर्यंत आला. "मी चालते," म्हटलं.

"आई, वेडी झालीस का?"

"पाठमोरी चालते. तो चालत होता तशी. मागे वळून बघणार नाही. तुला आणायची तर आण गाडी, नाहीतर मी चालत चालत घरी जाते आणि तुम्ही दोघं बसा इथे खुर्चीला मिठी मारून." आणि निघाले. माझ्या मागून हे विजेरी घेऊन धावत आले, मला ओलांडून पुढे गेले. जाताना माझ्या खांद्याला नुसता हात लावला.

वळणाच्या आत शिरले आणि अंधार एकदम दाट झाला. खरं सांगते, त्या दिव्यांवर माझा काडीचा भरवसा नव्हता. भंगारातले दिवे, चिकटवलेला कान, वहीतले आकडे. एका बाजूला टाकीची भिंत, दुसऱ्या बाजूला गवत. मी कान देऊन ऐकत होते. पण त्या गाडीचं ऐकणार काय? तिला आवाजच नाही. तो राखणदार बिचारा असाच चालत असेल, घरचं काहीबाही मनात घेऊन. मागे गाडी निघाली की नाही, आली की नाही, काही कळेना. मी चालत राहिले. आता वाटतं मिनिटभर असेल. तेव्हा वाटलं, मी जन्मभर ह्याच वळणावर चालतेय.

मग टाकीच्या भिंतीवर उजेड आला. गाडी अजून वळणाच्या पलीकडेच होती, पण उजेड तिच्याआधी भिंतीला धरून वळत आत आला, हळूहळू, माझ्याकडे. माझ्या चपला दिसायला लागल्या. मग माझी सावली रस्त्यावर पडली, लांबच लांब, कोटासकट. मी थांबले नाही. सावली माझ्या पुढे चालत होती. आणि मग ती हलायची थांबली. मी पाऊल टाकलं तरच हलायची, एरवी जागच्या जागी. गाडी उभी राहिली होती, सावलीवरून वाटलं माझ्यापासून लांब, चांगली वीस-पंचवीस पावलं.

कबूल केल्याप्रमाणे मी वळून बघितलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि म्हटलं वाहू दे, इथे कोण बघतंय.

गाडी हळूच माझ्या शेजारी आली. काच खाली झाली. तीही रडत होती. "आई," ती म्हणाली, "वळणाआधीच दिसलीस तू मला. सगळी दिसलीस."

मी नुसती मान हलवली.

ती समोर रस्त्याकडे बघत होती. मग म्हणाली, "टेकडीवरच्या गोठ्यात एक गाय अडलीय. दुपारपासून फोन येतायत. दुसऱ्या कुणाला तरी बोलवा म्हणून सांगत होते मी. दुसरं कुणी आहे कुठे." तिनं स्टीअरिंग धरलं. "जाऊ?"

लहानपणी खेळायला जाताना असंच विचारायची, चप्पल आधीच पायात घालून.

"जा," मी म्हटलं.

गाडी गेली. पुढच्या वळणावर उजेड आधी वळला, मग ती वळली, आणि नुसता अंधार राहिला. मी तिथेच रस्त्याच्या कडेला कोटासकट बसले. पलीकडून हे विजेरी हलवत धापा टाकत आले.

"काय झालं? लागलं का तुला? थांबली ना ती? दिवे कसे वाटले? डावा जरा खाली आहे असं मला..."

"दिव्यांचं काय घेऊन बसलात हो!" मी ओरडले. "पोरगी गेली!"

"गेली? कुठे?"

"कामावर."